गणवेशाची सनद

जुन्या दप्तरांत कापडाची नोंद सहसा दोनच कारणांनी झालेली आढळते: एक तर ते दरबारातून मानाचा पोशाख म्हणून कोणास दिले गेले म्हणून, किंवा लष्कराच्या कोठीत त्याचा हिशेब मागितला गेला म्हणून. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी अंगावर घातलेल्या निळ्या लोकरी घागऱ्याची गणना या दोहोंपैकी कोणत्याच खात्यात होत नाही, आणि म्हणून तो इतिहासकाराच्या नजरेतून चिल्लर बाब म्हणून निसटतो. परंतु गेल्या शतकातील दोन महायुद्धांच्या काळात वीरबालांच्या म्हणजे गर्ल गाइड्सच्या गणवेशाने काय काय केले हे क्रमाने पाहू लागलो, म्हणजे ते वस्त्र कमी आणि सनद अधिक होते असे माझे मत होते. ज्या मुलीला दिवेलागणीनंतर एकटीने रस्त्यावर दिसण्याची मुभा नव्हती, तिला हा पोशाख अंगावर असता रेल्वेच्या स्थानकात, इस्पितळात, इतकेच काय, सरकारच्या अत्यंत गुप्त कचेरीतही निर्वेध वावरता येऊ लागले. सनद म्हटली की ती देणारा कोणी असतो, ती नाकारणाराही असतो, आणि प्रसंगी ती काढून घेणाराही उभा ठाकतो. या तिघांशीही या गणवेशाची गाठ पडली.

आरंभ झाला तो मात्र सनदेवाचून. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात बालवीरांचा म्हणजे बॉय स्काउट्सचा पहिला मोठा मेळावा भरला आणि सुमारे अकरा हजार मुले तेथे जमली. मॅफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा निभावून नेल्यामुळे ज्यांचे नाव इंग्लंडात घरोघर झाले होते त्या रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक आदल्या वर्षी पाक्षिक भागांनी प्रसिद्ध झाले होते. पुस्तकाच्या नावातच ते मुलांसाठी असल्याचे बजावलेले होते; परंतु घरात आलेले पुस्तक भावाच्या हातून बहिणीच्या हाती जाण्यास कोणाच्या परवान्याची गरज लागत नाही. कित्येक मुलींनी आपले पूर्ण नाव न लिहिता केवळ आद्याक्षरे देऊन मुख्य कचेरीत बालवीर म्हणून नोंद करून घेतली होती. त्यांतील काही मुली रुंद काठाच्या हॅट, हातात काठ्या आणि खांद्याला झोळ्या अशा थाटात त्या दिवशी मेळाव्यात येऊन उभ्या राहिल्या आणि आपण ‘गर्ल स्काउट’ आहोत असे त्यांनी बेडन-पॉवेल यांना सरळ सांगितले. तो पोशाख त्यांना कोणी दिलेला नव्हता. भावाचा सदरा, बापाची टोपी आणि स्वतःची सुई एवढ्या भांडवलावर त्यांनी तो उभा केला होता.

समाजाला जे खटकले ते या मुलींच्या मनातील विचार नव्हेत. विचार कोणाला दिसतात? खटकली ती हातातील काठी आणि डोक्यावरील हॅट. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात व्हायोलेट मार्कम या विदुषीने, मुलामुलींनी एकत्र रानोमाळ भटकण्याच्या या नव्या प्रकारावर कडक टीका केली. टीकाकार स्त्री होती आणि सामाजिक कार्यात मुरलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे विरोध केवळ दाढीमिशांच्या बाजूने होत नव्हता हे कळते. बेडन-पॉवेल यांनी या पेचातून जी तजवीज काढली ती मोठी धूर्त होती. त्यांनी मुलींना हाकलले नाही आणि मुलांत मिसळूही दिले नाही. १९१० मध्ये आपली बहीण ॲग्नेस हिच्या हाती कारभार देऊन त्यांनी मुलींची स्वतंत्र संस्था उभी केली आणि तिला नाव दिले ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरून उचललेले.

या नावाची हकिकत आपल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८४६ साली पेशावर येथे हॅरी लम्सडेन या तरुण अधिकाऱ्याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ नावाची पलटण उभारली. पुढे तिचे ठाणे मर्दानला पडले. लाल डगले घालून डोंगरातील नेमबाजांपुढे उभे राहणे म्हणजे मृत्यूला आवतण देणे, हे ओळखून या पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे पत्करले, आणि ब्रिटिश अमलाखालील सैन्यात खाकी प्रथम आली ती हिच्यामार्फत असे मानले जाते. तरुणपणी हिंदुस्थानात घोडदळात नोकरी केलेल्या बेडन-पॉवेल यांना या पलटणीच्या स्वावलंबनाचे कौतुक होते, आणि तिचे नाव त्यांनी इंग्लंडातील शाळकरी पोरींना बहाल केले. गंमत अशी की ज्या पलटणीने जगाला खाकी दिली, तिचे नाव मुलींना मिळाले आणि तिचा रंग तेवढा वगळला गेला. मुलींना निळा रंग ठरला. खाकी म्हटले की शिपाई डोळ्यांपुढे उभा राहतो; गडद निळ्या सर्जचा घागरा पाहून शाळा आठवते. आईबापांची झोप उडू नये याची पहिली व्यवस्था रंगाऱ्याच्या पिंपातच करून ठेवण्यात आली.

आरंभीच्या पत्रकात या गणवेशाची जी यादी दिली होती ती आज वाचली तरी तिच्यातील दुहेरी मन लपत नाही. तुकडीच्या रंगाची जर्सी आणि त्याच रंगाचा गळ्यातील रुमाल. गडद निळा घागरा, निळे आतले तुमान आणि निळे लांब मोजे. हिवाळ्यात तांबडी बिरेटा टोपी, उन्हाळ्यात मोठी गवती हॅट. पाठीवर अडकवलेली केप, डाव्या खांद्यावर गटाच्या रंगाच्या फितींचा गुच्छ. आणि यांच्या जोडीला झोळी, रांधण्याचा डबा, दोरीला बांधलेला चाकू आणि काठी. टोपीपासून मोज्यांपर्यंत यादी एखाद्या वसतिगृहातील मुलीची आहे आणि डब्यापासून काठीपर्यंत ती मोहिमेवर निघालेल्या शिपायाची आहे. तुकड्यांना लांडगा, बैल अशी बालवीरांची प्राण्यांची नावे न देता फुलांची नावे द्यावीत असाही आग्रह होता. १९१२ मध्ये ॲग्नेस व रॉबर्ट या भावंडांनी मिळून मुलींसाठी जे पुस्तक सिद्ध केले, त्यात आजाऱ्याची शुश्रूषा, बालसंगोपन आणि स्वयंपाक यांचे धडे तर होतेच. पण आठ इंच दोरीने घरात शिरलेल्या चोराला जेरबंद कसे करावे याचेही मार्गदर्शन होते. फुलाच्या नावाच्या तुकडीतील मुलीने चोर बांधावा, या कल्पनेत त्या काळाचा सगळा गोंधळ आणि सगळा मोकळेपणा एकदम सापडतो.

यादीतील प्रत्येक वस्तूला शोभेपलीकडचा उपयोग होता, हा या पोशाखाचा खरा गुण. गळ्यातला त्रिकोणी रुमाल सोडला की मोडलेल्या हाताची झोळी होई; दोन काठ्या जर्सींच्या बाह्यांतून ओवल्या की जखमीला उचलून नेण्याची डोली तयार होई. बाहीवरचे बिल्ले ही तर पोशाखावर शिवलेली गुणपत्रिकाच होती: रोगी सांभाळणे, स्वयंपाक, निशाणांची भाषा यांपैकी मुलीला काय येते हे परक्या माणसाला तिच्या बाहीवरून एका दृष्टिक्षेपात कळे. १९१४ पर्यंत या गुणपत्रिकेला बाजारात गिऱ्हाईक नव्हते. ते ४ ऑगस्टला आले.

युद्ध पुकारले गेले आणि पाच वर्षे ज्या पोशाखाकडे भुवया उंचावून पाहिले जात होते त्याला एकाएकी मागणी आली. पुरुष आघाडीवर गेले, स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या, आणि मधल्या रिकाम्या जागा भरण्यास पोरी उरल्या. त्यांनी इस्पितळांतील फरशा पुसल्या, भांडी घासली, पट्ट्या गुंडाळल्या, कारखान्यात जाणाऱ्या आयांची मुले सांभाळली, परसात भाजी लावली. ठरावीक दिवसांची इस्पितळातील चाकरी किंवा ठरावीक संख्येने विणलेले मोजे व शिवलेले कपडे, अशा अटींवर युद्धसेवेचा निराळा बिल्ला मिळू लागला. सैनिकांसाठी फ्रान्समध्ये विश्रांतिगृह आणि एक मोटार-रुग्णवाहिका यांसाठी त्यांनी पैसा उभा केला. दलदलीत उगवणारे स्फॅग्नम नावाचे शेवाळ गोळा करण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले. कापूस स्फोटक द्रव्यांसाठी खपू लागल्याने जखमांच्या पट्ट्यांना त्याची टंचाई भासू लागली होती, आणि हे शेवाळ वाळवले की स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट रक्त व पू शोषून घेई. चिखलात गुडघाभर उतरून शेवाळ उपसणाऱ्या मुलीला निळ्या घागऱ्याची किती अडचण झाली असेल, याची नोंद कोठे केलेली नाही. परंतु पुढे घागऱ्यांची लांबी कमी होत गेली, ती निव्वळ पॅरिसच्या शिंप्यांच्या लहरीमुळे, असे मी मानीत नाही.

या सर्व कामांत मला सर्वांत मनोरंजक वाटते ती जासुदी. पेशव्यांच्या दप्तरात जासूद आणि हरकारे यांच्या पगाराच्या याद्या पुष्कळ सापडतात, पण त्या पेशात चौदा वर्षांची मुलगी नेमल्याचा दाखला शोधूनही मिळणार नाही. तो मिळतो लंडनमध्ये. ब्रिटनच्या ज्या गुप्त खात्याला पुढे एम. आय. ५ म्हणून ओळखले जाऊ लागले, त्याने युद्धाच्या आरंभी निरोप व कागदपत्रे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत व एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पोचवण्यास बालवीर ठेवले होते. काम कमी आणि वाट पाहणे फार, अशा नोकरीत मुलांचा द्वाडपणा उफाळून येई आणि त्यांची तोंडेही बंद राहत नसत. तेव्हा १९१५ मध्ये त्यांच्या जागी वीरबाला नेमण्यात आल्या. चौदा ते सोळा वर्षांच्या या मुलींना आठवड्याला दहा शिलिंग पगार मिळे. आपण नेत असलेला कागद आपण वाचणार नाही, अशी त्यांनी आपल्या प्रतिष्ठेवर शपथ घेतलेली असे. निरोपांच्या मधल्या वेळात दौती भरणे आणि धूळ झटकणे ही कामेही त्यांच्याकडेच होती. युद्ध संपल्यावर १९१९ च्या शांतता परिषदेसाठी ब्रिटिश शिष्टमंडळ पॅरिसला गेले, तेव्हा या जासुदांपैकी काहींची रवानगी त्याच्याबरोबर झाली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मुली मुलांपेक्षा स्वभावतः कमी बोलक्या असतात असा निष्कर्ष त्या खात्यातील कोणी काढला असेल तर त्याने आपल्या आळीतील पाणवठा पाहिलेला नव्हता. मुली गप्प राहिल्या याचे कारण मला निराळे दिसते. मुलाला ती नोकरी गेली तर दुसरी होती. मुलीला तो निळा पोशाख अंगावर घालून लंडनच्या मध्यवस्तीत, स्वतःच्या पगाराने, घरच्यांच्या पहाऱ्यावाचून सबंध दिवस घालवण्याची दुसरी संधी मिळण्याचा संभव नव्हता. सनद ज्याला नुकतीच मिळाली आहे तो ती जपून वापरतो.

युद्धाने या संस्थेचे चालकही बदलले. मधमाश्या पाळणारी, फुग्यातून आकाशविहार करणारी, आणि तरीही शिष्टाचाराच्या बाबतीत पूर्णपणे व्हिक्टोरियन असलेली ॲग्नेस हळूहळू बाजूला पडली. बेडन-पॉवेल यांची तरुण पत्नी ओलेव्ह १९१६ मध्ये मुख्य आयुक्त आणि १९१८ मध्ये ‘चीफ गाइड’ झाली. ॲग्नेसवर अन्याय झाला असे मला वाटते. आईबापांचा विश्वास जोडण्याचे कंटाळवाणे काम तिने केले होते, आणि त्या विश्वासाचे व्याज दुसऱ्यांनी खाल्ले.

अटलांटिकच्या पलीकडील हकिकत थोडक्यात आटोपता येते. ज्यूलिएट गॉर्डन लो या बाईंनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जिया प्रांतातील सवाना शहरी १८ मुलींची पहिली नोंद केली आणि पुढल्याच वर्षी संस्थेने ‘गर्ल स्काउट’ हे नाव घेतले. इंग्लंडमध्ये जे नाव मुलींकडून काढून घेतले गेले ते अमेरिकेत त्यांनी परत मिळवले. निळा रंगही तेथे फार टिकला नाही, आणि दोनेक वर्षांतच या मुली खाकीत आल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी सरकारी कर्जरोखे विकण्यास हातभार लावला आणि पीच फळांच्या आठळ्या गोळा केल्या. आठळ्यांचा कोळसा विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत घालत. १९२८ मध्ये खाकी जाऊन करडा हिरवा रंग आला. दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे गणवेशाच्या झिपा जाऊन बटणे आली, आणि साखर, मैदा व लोणी यांच्या तुटवड्याने संस्थेची प्रसिद्ध बिस्किटविक्री अडली तेव्हा १९४४ मध्ये मुलींनी बिस्किटांऐवजी दिनदर्शिका विकल्या. परंतु याच अमेरिकेत, १९४२ नंतर जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना काटेरी तारांच्या कुंपणाआड नेऊन ठेवण्यात आले, त्यांच्या छावण्यांतही गर्ल स्काउटच्या तुकड्या चालल्या होत्या. ज्या झेंड्याला त्या मुली रोज गणवेशात वंदन करीत, तोच झेंडा त्यांच्या पहारेकऱ्यांच्या चौकीवर फडकत होता. सनद अंगावर असून तिचा अंमल वेशीपाशी संपत होता.

हिंदुस्थानात ही चळवळ लवकर आली. पहिली तुकडी १९११ मध्ये जबलपूर येथे निघाली. मात्र ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती, आणि येथील मुलींना तिचे दार १९१६ मध्ये उघडले. ज्या पलटणीचे नाव या संस्थेने धारण केले होते ती पठाण, शीख, गुरखा अशा एतद्देशीय शिपायांच्या जिवावर नावारूपाला आली, आणि त्या नावाच्या संस्थेत एतद्देशीय मुलीला पाच वर्षे उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागले, हा विरोधाभास त्या वेळच्या साहेबांच्या लक्षात आला असेल असे दिसत नाही. मुलांच्या बाबतीत असाच भेदभाव होता, आणि त्याला उत्तर म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१७ मध्ये मद्रासेस, व पाठोपाठ मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेस स्वदेशी बालवीर संस्था काढल्या; बेझंटबाईंच्या बालवीरांनी तर हॅट टाकून फेटाच बांधला. मुलींच्या गणवेशाचा प्रश्न अधिक नाजूक होता. ज्या घरांत वयात आलेल्या मुलीची पोटरी दिसणे हाच गुन्हा होता तेथे गुडघ्याखाली येऊन थांबणारा घागरा सेवेची सनद ठरण्याऐवजी शाळा सुटण्याचे निमित्त ठरला असता. तोड निघाली ती साडीची: मार्गदर्शिका निळ्या साडीवर संस्थेचा बिल्ला लावू लागल्या, आणि रंग विलायतेचा व नेसण देशी असा समझोता रूढ झाला. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या बालवीर संस्था ‘भारत स्काउट्स’ म्हणून एक झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ ला वीरबालांची संस्था त्यांना येऊन मिळाली. १९६६ मध्ये पुण्यास ‘संगम’ हे वीरबालांचे जागतिक केंद्र उघडले. जबलपूरच्या त्या बंद दारापासून येथवर पोचायला पंचावन्न वर्षे लागली.

१९३९ मध्ये पुन्हा युद्ध उभे राहिले, तेव्हा इंग्लंडात कोणाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख लोकांना, मुख्यतः मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवण्यात आले. त्या वेळी गावोगावच्या स्थानकांवर त्यांना उतरवून घेणे, ओस पडलेली घरे झाडून राहण्याजोगी करणे, रडणाऱ्या पोरांना ताब्यात घेणे, हे काम निळ्या पोशाखातील मुली करतील हे गृहीतच धरले गेले. मे १९४० मध्ये त्यांनी ‘गिफ्ट वीक’ पाळला. प्रत्येकीने त्या आठवड्यात स्वतः कमावलेले किंवा स्वतःच्या खर्चातून वाचवलेले पैसे द्यायचे होते, आणि जमलेली रक्कम पन्नास हजार पौंडांच्या घरात गेली. तीतून दोन हवाई रुग्णवाहिका आणि एक जीवरक्षक नौका घेण्यात आली. ही नौका तिच्या रीतसर समारंभाआधीच डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक सोडवून आणण्याच्या कामी लागली आणि तिला ‘गाइड ऑफ डंकर्क’ हे नाव पडले. जून १९४१ मध्ये कपड्यांवर नियंत्रण आले, दरमाणशी वर्षाला ६६ कुपने ठरली, आणि नव्या कापडाची चैन संपली. थोरल्या बहिणीचा घागरा धाकटीला येऊ लागला.

पोलंडची कथा मात्र याच्या अगदी उलटी आहे. तेथील वीरबालांची चळवळ इंग्लंडच्या मागोमाग, १९११ मध्ये, ल्वुव शहरी ओल्गा द्राहोनोव्स्का आणि तिचा भावी पती आंद्झेई माल्कोव्स्की यांच्या प्रयत्नांतून निघाली, तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. त्यामुळे तेथे हा पोशाख पहिल्यापासूनच राष्ट्राची खूण होता. १९३९ मध्ये जर्मनांनी देश व्यापला आणि संस्थेवर बंदी घातली. मुलींनी करडे गणवेश उतरवून ठेवले आणि युझेफिना वापिन्स्का हिच्या नेतृत्वाखाली काम भूमिगत चालू ठेवले: जखमींची शुश्रूषा, निरोपांची ने-आण, बंदी घातलेल्या शाळा. लंडनमध्ये जो पोशाख अंगावर असल्याने मुलीला दार उघडत होते, तोच वॉर्सामध्ये ट्रंकेच्या तळाशी सापडला तर सबंध घर तुरुंगात जाण्याची भीती होती. काम तेच, वय तेच, शपथही जवळपास तीच.

सिंगापूरच्या चांगी तुरुंगात तर पोशाख उतरवण्याचाही प्रश्न नव्हता, कारण तो कोणाकडे नव्हताच. जपान्यांनी १९४२ मध्ये कैदेत टाकलेल्या कुटुंबांतील आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे वीस मुलींनी तेथे वीरबालांची तुकडी काढली. एलिझाबेथ एनिस ही परिचारिका तिची प्रमुख होती. तिच्या वाढदिवसासाठी या मुलींनी जुन्या कपड्यांचे हाती लागतील ते तुकडे षट्कोनी कापून, एकमेकांस जोडून, गुपचूप एक गोधडी शिवली आणि तिच्यावर आपापली नावे टाचली. ती आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. ती पाहूनच तुरुंगातील प्रौढ स्त्रियांना आपल्या गोधड्या शिवण्याची कल्पना सुचली; आपण जिवंत आहोत हे पुरुषांच्या बाजूच्या कैद्यांना कळवण्याचा मार्ग त्यांत त्यांनी शोधला.

युद्ध संपण्यापूर्वीच इंग्लंडातील प्रौढ मार्गदर्शिकांनी युरोपात मदतीसाठी जाण्याची तालीम सुरू केली होती. १९४४ मध्ये त्यांचे पहिले पथक ग्रीसच्या कामगिरीवर निघाले. नंतरची पथके हॉलंड व जर्मनीत गेली, बेलसेनच्या छळछावणीतून सुटलेल्यांमध्येही त्यांनी काम केले.

या सर्व इतिहासाचा एक धागा आपल्या करवीरनगरीपर्यंत येतो. १९४० व ४१ मध्ये रशियनांनी आपल्या ताब्यातील पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि मध्य आशियात धाडले. १९४२ मध्ये त्यांपैकी काहींना इराणात येण्याची मुभा मिळाली. कास्पियन समुद्राकाठी पहलवी बंदरात ते उतरले तेव्हा उवांच्या व विषमज्वराच्या भीतीने त्यांचे कपडे जाळून टाकण्यात आले आणि मुलींचेही केस कापण्यात आले. तेथून काही जण हिंदुस्थानात आले. जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी बालाचडी येथे त्यांतील अनाथ मुलांना दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. कोल्हापूरजवळच्या वळीवडे गावची छावणी त्याहून कितीतरी मोठी होती आणि आपल्याकडे तिची आठवण त्या मानाने कमी निघते. १९४३ मध्ये उघडलेल्या या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, आणि त्यांत पुरुष थोडे, बायका व मुले फार. बराकींच्या रांगा, चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, शाळा. एक लहानसे पोलिश गावच माळावर उभे राहिले. मराठी दुकानदार त्या बायकांशी व्यवहारापुरते पोलिश बोलायला शिकले आणि पोलिश पोरे बाजारापुरते मराठी.

या छावणीत वीरबालांची आणि बालवीरांची पथके नुसती निघालीच नाहीत, तर ती तेथील मुलांच्या जगण्याचा कणा झाली. त्यांच्या संघटनेत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की या तरुण लष्करी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. रशियनांच्या ज्या पोलिश कैद्यांपैकी हजारो जणांना कातिनच्या जंगलात ठार करण्यात आले त्यांतून हा वाचलेला होता. पुढे तो धर्मोपदेशक झाला. गणवेशात रांगेने उभ्या राहिलेल्या या मुलींची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, आणि ती पाहताना माझे लक्ष चेहऱ्यांआधी कापडाकडे जाते. ज्यांचे होते नव्हते ते सर्व कपडे वर्ष-दीड वर्षापूर्वी समुद्रकाठच्या शेकोटीत गेले होते, त्यांना छावणीत तऱ्हेतऱ्हेचे धर्मादाय कपडे मिळत असताना एकसारखा पोशाख करण्याचा खटाटोप का करावासा वाटला? त्यांना रस्त्यावर जाण्याची मुभा या पोशाखाने मिळायची नव्हती. कोल्हापूरच्या रस्त्यावर त्यांना कोणी अडवीत नव्हते. या वेळी सनद देणारे सरकारच नाहीसे झाले होते. लंडनमध्ये पोलंडचे एक परागंदा सरकार होते, पण जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी त्याची मान्यता काढून घेतली. वळीवड्याच्या मुलींनी आपली सनद स्वतःच लिहिली आणि स्वतःच तिच्यावर शिक्का मारला, क्रिस्टल पॅलेसच्या त्या आगंतुक पोरींनी केले होते तसे.

१९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. ज्यांचे बाप व भाऊ पोलिश सैन्यातून ब्रिटनमध्ये गेले होते ती कुटुंबे तिकडे गेली, काही पूर्व आफ्रिकेच्या छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत. मायदेशी परतणारे थोडे. त्यांच्या बराकींत फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले, आणि आज गांधीनगर म्हणून ठोक कापडाचा जो मोठा बाजार कोल्हापूरला लागून आहे तो त्याच जागेवर वसला. पोलंडमध्ये १९४९-५० च्या सुमारास नव्या साम्यवादी राजवटीने जुनी संस्था मोडून पक्षाच्या युवक संघटनेत विलीन केली, करडा पोशाख बाद केला आणि पांढरा सदरा व तांबडा रुमाल यांचे फर्मान काढले. जुनी शपथ, जुनी पदके आणि जुना गणवेश लंडनमध्ये परागंदा पोलिशांनी चालू ठेवला, आणि तेथल्या तुकड्यांत मार्गदर्शिका म्हणून ज्या उभ्या राहिल्या त्यांत वळीवड्याहून आलेल्या मुली होत्या.